मगच्या कडा खोटं बोलतात

मध्यंतरी मला हौस आली, की मोबाईलने फोटो काढून घरातल्या एका मगचं थ्रीडी मॉडेल करायचं. साधा पांढरा चकचकीत मग. टेबलावर पेपर पसरला, त्यावर मग ठेवला, गोल फिरत फिरत चाळीसेक फोटो काढले, सॉफ्टवेअरला दिले आणि वाट बघत बसलो. पेपर इतका झकास आला की मथळे वाचता येत होते, आणि मगच्या जागी काय, तर उंदराने कुरतडल्यासारखं भोकाभोकांचं काहीतरी!

आधी वाटलं फोटोच हलले असतील. पण तसं नव्हतं, गोची वेगळीच होती.

फोटोवरून आकार काढायच्या या प्रकाराला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि मूळ आयडिया अगदी सोपी आहे. अंगठा नाकासमोर धरा, आधी एक डोळा मिटा मग दुसरा, अंगठा उडी मारतो. जवळची वस्तू जास्त उडते, लांबची कमी. दोन फोटोंत एकच ठिपका सापडला की दोन्ही कॅमेऱ्यांपासून त्याच्याकडे एकेक सरळ रेष काढायची, जिथे रेषा भेटतात तिथे तो ठिपका. हेच हजारो ठिपक्यांचं केलं की झाला आकार तयार. पण हाच तो ठिपका हे ओळखायचं कसं? संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये सिफ्ट नावाची पद्धत मांडली, फोटो लहानमोठा झाला, फिरला तरी खुणेची जागा ओळखणारी, आणि त्यानंतर हे काम खूप सोपं झालं. पेपरवर अशा खुणा खच्चून भरलेल्या असतात, कोऱ्या पांढऱ्या मगवर शोधून सापडत नाहीत.

मग त्याच्यावर दिसतं तरी काय? एक चमक आणि एक कड, आणि दोन्ही फसव्या. चमक म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब, आपण सरकलो की तीही सरकते. कडेचं तर विचारूच नका. खोक्याची कड खरी असते, बोट फिरवता येतं तिच्यावरून. मगच्या पोटाची कड मात्र मगवर कुठेच नसते, आपली नजर जिथे त्याला घासून पुढे जाते तिथे ती दिसते, एक पाऊल बाजूला गेलात की ती दुसरीच रेष असते. सॉफ्टवेअरने दोन्ही एकच समजून जोडल्या तर? शाळेत शिकलोय, वर्तुळाच्या दोन स्पर्शरेषा भेटल्या तर वर्तुळाच्या बाहेरच भेटतात. म्हणजे मॉडेलमधला मग खऱ्यापेक्षा जाडा होणार.

तरी ही कड अगदीच टाकाऊ नाही हं. मग त्या बाह्यरेषेच्या आतच आहे एवढं तर ती खात्रीने सांगते. प्रत्येक फोटोतली बाह्यरेषा घेऊन बाहेरचं सगळं तासत गेलं की मूर्ती कोरल्यासारखा आकार उरतो, मगच्या कानातलं भोकसुद्धा मोकळं होतं. पण मगची पोकळी कुठल्याच बाह्यरेषेत दिसत नाही, त्यामुळे आतून मग ठोकळ्यासारखा भरीवच राहतो.

सावल्यांवरून गोलाई काढायचा मार्गही आहे, बर्थोल्ड हॉर्न यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९७० मध्ये त्यावर पीएचडी केली. फक्त उजेड कुठून येतोय ते माहीत नसेल तर खड्डा की टेकडी हे आपल्यालाही कळत नाही, चंद्राचा फोटो उलटा धरून बघा.

बरं, ठिपके मिळाले तरी ते जोडायचे सरळ रेषांनीच. मगचा व्यास ८ सेंटीमीटर धरा, गोलावर १२ ठिपके जोडले तर रेषा खऱ्या गोलाईपासून जवळपास १.४ मिलिमीटर आत जाते, हाताला चक्क कोपरे लागतील. २४ घेतले की ०.३४ मिलिमीटर. ठिपके दुप्पट, चूक पाव, हा सौदा मला फार आवडतो.

शेवटी मी मगवर मार्करने वेडेवाकडे ठिपके मारले (एकसारखे मारायचे नाहीत, नाहीतर सॉफ्टवेअर एकाला दुसरा समजतं), वरून चमक घालवायला थोडी पावडर भुरभुरली, शेजारी फूटपट्टी ठेवली, कारण नुसत्या फोटोंवरून मग बोटाएवढा की हंड्याएवढा हे सॉफ्टवेअरला कळत नाही. यावेळी पोट मस्त गोल आलं. कान मात्र आतल्या बाजूने अजून बुजलेलाच आहे, तिथे कॅमेरा वाकवून पाच-सहा फोटो परत काढायचेत.