केमट्रेल: पांढऱ्या रेघेमागचा संशय

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे आकाश स्वच्छ असलं की उंचावरच्या विमानाची पांढरी रेघ दूरवरून दिसते. लहान मुलं ‘रॉकेट गेलं’ म्हणून ओरडतात. मोठ्यांच्या मोबाइलवर मात्र हल्ली त्याच रेघेला ‘केमट्रेल’ म्हणतात. विमानातून गुपचूप रसायन फवारतात, त्याने ढग पळतात नाहीतर गारा पडतात, असा त्याचा अर्थ.

हा शब्द १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रुजला. १९९६ मध्ये तिथल्या हवाई दलाच्या एका अभ्यास-निबंधात २०२५ पर्यंत हवामान हत्यारासारखं वापरता येईल, अशी कल्पना मांडली होती. कागदावरची ही कल्पना लोकांनी चालू मोहीम समजली. २००० मध्ये नासासह चार सरकारी संस्थांनी मिळून खुलासा केला, पण तो पटला नाही. २००१ मध्ये तर हा शब्द थेट अमेरिकी संसदेतल्या एका विधेयकात आला. पुढे २०१६ मध्ये ७७ शास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा ७६ जणांनी अशा गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचं सांगितलं.

रेघेचं कारण साधं आहे. इंजिनातून निघालेली वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत गोठते आणि तिचे हिमकण होतात. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर तासन्‌तास पसरत जाते. पसरणारी रेघ पाहूनच माणूस शंका घेतो.

शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये, असं मला मनापासून वाटतं. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात रसदीचे रस्ते चिखलात बुडवण्यासाठी खरोखरच ढगांवर फवारणी केली होती आणि ती लपवलीही होती. त्यातूनच १९७७ चा, युद्धात हवामानाचा वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या राज्यातही २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, पण ते जाहीरपणे. त्यात विमान आधीच जमलेल्या ढगाशी जाऊन मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइड सोडतं. निरभ्र आकाशात, दहा किलोमीटर उंचीवर रेघ ओढून पाऊस पडत नाही आणि पळतही नाही.

गारांचंही तसंच. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली. घड भरत आलेल्या द्राक्षबागांतले मणी फुटले, पानांची चाळण झाली, कांदा झोपला. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, आणि पूर्वेकडचे दमट वारे यांची गाठ पडली, हे त्यामागचं कारण. हवामान खात्याने आधी इशाराही दिला होता. पण तयार होत आलेल्या बागेवर एका दिवसात आच्छादन कुठून घालणार? प्लास्टिकच्या आच्छादनाचा खर्च एकरी लाखांत जातो, आणि म्हणूनच द्राक्ष उत्पादक त्यासाठी अनुदान मागत आले आहेत.