एंडर विगिन

एंडर विगिन : ऑर्सन स्कॉट कार्ड (जन्म २४ ऑगस्ट १९५१) या अमेरिकन विज्ञानकथालेखकाच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) या कादंबरीचा नायक. पूर्ण नाव अँड्र्यू विगिन. मोठ्या बहिणीला लहानपणी ‘अँड्र्यू’ म्हणता येईना, त्यातून ‘एंडर’ हे नाव रूढ झाले. इंग्रजीत या नावाचा अर्थ ‘शेवट करणारा’ असाही होतो आणि कथानकाने तो अर्थ पुरेपूर वापरला आहे. असामान्य बुद्धीच्या मुलाला घरातून उचलून युद्धासाठी घडवणे, या विज्ञानसाहित्यातील कल्पनेचे हे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण होय.

कीटकसदृश परग्रहवासीयांनी (कादंबरीत ‘बगर’, पुढच्या लेखनात ‘फॉर्मिक’) पृथ्वीवर दोनदा स्वारी केलेली आहे. तिसऱ्या युद्धासाठी आंतरराष्ट्रीय आरमार हुशार मुले हेरत असते. दोनच अपत्यांची मर्यादा असताना विगिन कुटुंबाला तिसऱ्या अपत्याची मुभा दिली जाते. थोरला भाऊ पीटर फार क्रूर आणि बहीण व्हॅलेंटाइन फार कोमल ठरल्याने या दोघांच्या मधले मूल आरमाराला हवे असते. त्यामुळे ‘तिसरा’ ही शिवी एंडरला जन्मापासून चिकटते. सहाव्या वर्षी कर्नल ग्राफ त्याला अंतराळातील युद्धशाळेत नेतो. तिथून तो एरॉस या लघुग्रहावरील सेनापतिशाळेत जातो. तिथे मेझर रॅकहॅम हा दुसऱ्या युद्धातील वीर त्याला संगणकावर आभासी लढाया लढायला लावतो. शेवटच्या लढाईत एंडर शत्रूचा ग्रहच नष्ट करतो. त्यानंतर त्याला कळते, की रॅकहॅमच्या हाताखाली खेळलेली प्रत्येक लढाई खरी होती.

कल्पनेचा उगम : याविषयी मतभेद आहेत. काही समीक्षक एंडरला रॉबर्ट हाइनलाइनच्या परंपरेत बसवतात. ‘स्पेस कॅडेट’ (१९४८) मधील प्रशिक्षणशाळा आणि ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) मधील कीटकसदृश शत्रू पाहता हे साम्य वरवरचे म्हणता येत नाही. दुसरा मतप्रवाह एंडरला अतिमानवी बालकांच्या कथांशी जोडतो. त्या कथांत ओलाफ स्टेपलडनची ‘ऑड जॉन’ (१९३५) ही जुनी व महत्त्वाची कादंबरी. सातव्या वर्षी मुलाला घरातून नेणारी प्राचीन स्पार्टाची शिक्षणपद्धतीही या संदर्भात अनेकदा सांगितली जाते.

कार्डचे स्वतःचे निवेदन मात्र वेगळे आहे. त्याच्या सांगण्यानुसार मूळ कल्पना सुचली ती एका खोलीची, मुलाची नव्हे. सोळा वर्षांचा असताना, म्हणजे १९६७ च्या सुमारास, आयझॅक ॲसिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका वाचून भारावलेल्या कार्डला प्रश्न पडला : गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागेत लढणारे सैनिक सराव कुठे करतील? त्याचा मोठा भाऊ त्या सुमारास लष्करात होता. अमेरिकन यादवी युद्धावरील ब्रूस कॅटनचे ग्रंथ कार्डने त्याआधीच वाचले होते आणि सेना तीच असली तरी सेनापती बदलला की निकाल बदलतो, ही गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली होती. यातून त्याला बंदिस्त, वजनरहित लढाईच्या खोलीची कल्पना सुचली. पण तिच्याभोवती कथा उभी राहण्यास कित्येक वर्षे जावी लागली. १९७५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत, एक मैत्रीण मुलांना सर्कस दाखवायला घेऊन गेली असताना, कार्डने बाहेरच्या हिरवळीवर बसून कथेची सुरुवात लिहिली. या खोलीत सराव करणारी मुलेच असतील, हे ठरल्यावर कथा सापडली, असे त्याने नमूद केले आहे.

लेखकाने बऱ्याच वर्षांनी केलेले आत्मकथन जपूनच स्वीकारावे लागते. तरीही ते अधिक ग्राह्य वाटते, कारण संहितेतला पुरावा त्याच्या बाजूने आहे. ‘ॲनालॉग’ मासिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकात, बेन बोव्हा संपादक असताना, ही गोष्ट प्रथम दीर्घकथेच्या रूपात आली. तिची सुरुवात थेट लढाईच्या खोलीच्या दाराशी होते. विगिन कुटुंब, भावंडांतील वैर, तिसऱ्या अपत्याचा कायदा हे सारे कादंबरीत आले. खोली आधी आणि घर नंतर, हा क्रम लक्षात घेतला तर अतिमानवी बालकांच्या परंपरेशी जोडलेले नाते दुय्यम ठरते.

दीर्घकथेची कादंबरी होण्याचे कारणही नोंदवण्यासारखे आहे. कार्डला खरे तर ‘स्पीकर फॉर द डेड’ ही दुसरीच कादंबरी लिहायची होती. तिचा नायक प्रौढ एंडरच असावा असे ठरल्यावर त्याचा पूर्वेतिहास नीट मांडणे भाग पडले. आज जगभर वाचली जाणारी कादंबरी अशा रीतीने प्रस्तावना म्हणून लिहिली गेली. ‘एंडर्स गेम’ला नेब्युला व ह्यूगो (१९८६) हे विज्ञानकथेचे दोन्ही पुरस्कार मिळाले. पुढच्याच वर्षी ‘स्पीकर फॉर द डेड’लाही ते मिळाले. लागोपाठ दोन वर्षे दोन्ही पुरस्कार मिळवणारा कार्ड हा पहिला कादंबरीकार. ‘एंडर्स गेम’च्या १९९१ च्या आवृत्तीत बदललेल्या राजकीय परिस्थितीला धरून किरकोळ दुरुस्त्या करण्यात आल्या. वर दिलेले आत्मकथन त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत आहे.

लढाईची खोली : खोलीत वजन नसते, बाहेरच्या मार्गिकेत मात्र असते. त्यामुळे मुले मार्गिकेतली ‘वर-खाली’ची जाणीव घेऊनच आत शिरतात आणि उभ्याने लढू पाहतात. शत्रूचे दार ‘खाली’ आहे असे मानायचे, ही एंडरची पहिली सूझ. तसे मानले की पाय शत्रूकडे होतात. नेमबाजाला दिसणारे शरीर आखडते आणि गोठलेले पाय ढालीसारखे पुढे राहतात. प्रकाशाचा मारा बसला की अंगावरचा पोशाख त्या जागी ताठरतो. मार पोशाखाला बसतो, जीव जात नाही. सेना चाळीस मुलांची असते. इतर सेनापती दहादहाच्या चार तुकड्या करतात. एंडर आपल्या ड्रॅगन सेनेच्या आठाठाच्या पाच तुकड्या करतो आणि प्रत्येकीला स्वतंत्रपणे निर्णय घ्यायला शिकवतो.

जिंकण्याचा औपचारिक विधी असा, की चौघांनी शत्रूच्या दाराच्या चार कोपऱ्यांना शिरस्त्राणे टेकवायची आणि पाचव्याने आरपार जायचे. शत्रू गारद झाल्यावरच हा विधी करायचा, असा संकेत आहे; नियम तसा नाही. दोन सेना एकाच वेळी अंगावर घातल्या जातात तेव्हा वैतागलेला एंडर लढाई बाजूला ठेवून थेट दार गाठतो. कथेचा पुढचा सारा भार या लहानशा प्रसंगावर आहे. शेवटच्या आभासी लढाईत तो हेच करतो, आणि तिथे दाराच्या जागी ग्रह असतो. इतक्या निर्दयपणे नियम मोडणाऱ्याला कोणी सेनापती करणार नाही आणि आपली सुटका होईल, असा त्या मुलाचा हिशेब असतो.

आभासी लढायांचे तांत्रिक गणितही काटेकोर आहे. प्रकाशाचा वेग ओलांडणारी जहाजे कादंबरीत नाहीत; तत्क्षणी संदेश पोहोचवणारा ‘अँसिबल’ मात्र आहे. (हा शब्द अर्सुला ले ग्विन हिच्या १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ मधला.) म्हणून आरमारे कित्येक दशके आधीच निघालेली आहेत. सर्वांत दूरच्या, म्हणजे शत्रूच्या मूळ ग्रहाकडे सर्वांत आधीची, म्हणून सर्वांत जुनाट जहाजे गेलेली असतात. परिणामी एंडरच्या लढाया जसजशा अवघड होतात, तसतशी त्याच्या हातातली जहाजे जुनी व कमी होत जातात. त्याला वाटते, शिक्षक मुद्दाम छळत आहेत.

निरपराधित्वाचा वाद : प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी अधिकाऱ्यांचे निनावी संवाद येतात. मुलाचे काय करायचे हे ती माणसे ठरवत असतात आणि मुलाला ते ऐकू येत नाही. वाचक मात्र ऐकतो. स्टिलसन आणि बाँझो या दोन मुलांचा एंडरच्या हातून मृत्यू होतो, हेही त्याच्यापासून लपवले जाते. शत्रूला आतून ओळखण्याइतकी माया असलेला सेनापतीच जिंकू शकतो, पण तितकी माया असलेला माणूस जाणूनबुजून संहार करणार नाही. म्हणून त्याला फसवणे आवश्यक होते, असे समर्थन त्याला शेवटी ऐकवले जाते.

मराठी वाचकाला इथे अभिमन्यू आठवणे साहजिक आहे. पण चक्रव्यूहात शिरताना आपण रणांगणात आहोत हे अभिमन्यूला पक्के ठाऊक असते. एंडरपासून नेमके तेवढेच लपवलेले आहे.

एलेन रॅडफर्ड हिने १९८७ मध्ये एंडर व हिटलर यांच्यातील साम्ये दाखवून संहारकर्त्याविषयी सहानुभूती निर्माण केल्याचा आरोप केला. कार्डने तो ठामपणे नाकारला. मायकेल कॉलिंग्ज याने १९९० च्या ग्रंथात एंडरची ख्रिस्तसदृश बाजू पुढे आणली. जॉन केसेल याचा २००४ चा निबंध या वादात सर्वांत मुद्देसूद आहे. कृतीचे मोल केवळ हेतूवरून ठरवणारी नीती कादंबरी उभी करते आणि मार खाणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘मी मारले तरी मी निर्दोष’ असे सुखावणारे स्वप्न देते, असा त्याचा आक्षेप आहे.

केसेलचा आक्षेप पहिल्या कादंबरीपुरता बराचसा टिकतो. मात्र हेतू शुद्ध असल्याचे समाधान खुद्द एंडर स्वीकारत नाही, ही बाब त्याच्या मांडणीत झाकोळते. कादंबरीच्या शेवटी तो संहारलेल्या जमातीची कहाणी तिच्याच बाजूने लिहितो आणि त्या जमातीच्या राणीचा बचावलेला कोश जपून सोबत नेतो. ‘स्पीकर फॉर द डेड’ मध्ये तीन हजार वर्षे लोटलेली आहेत. प्रकाशवेगानजीकच्या प्रवासांमुळे एंडर तिशीतच आहे आणि जग त्याला वंशसंहारक म्हणून शाप देत आहे. त्या जगाचे मन बदलण्यास त्याचेच निनावी पुस्तक कारणीभूत झालेले असते. ज्या कादंबरीसाठी हे पात्र घडवले गेले, ती बाजूला ठेवून त्याचा न्याय करता येत नाही.

या पात्रासाठी ‘बालसैनिक’ हा शब्द टाळणे इष्ट. तो प्रत्यक्ष युद्धांत राबवलेल्या मुलांसाठी रूढ आहे आणि त्यांच्या संरक्षणासाठी २००० साली संयुक्त राष्ट्रांनी स्वतंत्र करार स्वीकारला आहे. ‘बालसेनापती’ अधिक नेमका.

प्रसार : अमेरिकेच्या मरीन कोअर या लष्करी दलाच्या वाचनयादीत ही कादंबरी नेतृत्वाच्या अभ्यासासाठी घेण्यात आली. ‘एंडर्स शॅडो’ (१९९९) मध्ये तेच कथानक बीन या सहकाऱ्याच्या नजरेतून येते. २०१३ मध्ये गॅव्हिन हूड याने चित्रपट केला. त्यात एसा बटरफील्ड एंडर, हॅरिसन फोर्ड ग्राफ व बेन किंग्जली रॅकहॅम होते. कार्डच्या समलिंगी विवाहविरोधी भूमिकेमुळे बहिष्काराचे आवाहन झाले. चित्रपटात कित्येक वर्षांचा काळ आक्रसला असून सहा वर्षांच्या मुलाच्या जागी किशोरवयीन मुलगा आला आहे.