शाळेला सुट्टी लागली की रक्त संपतं

झिम्बाब्वेतल्या ब्लड बँकवाल्यांना शाळेचं टाइमटेबल पाठ असावं लागतं. तिथे रक्त देणाऱ्यांमध्ये मोठा वाटा हायस्कूल-कॉलेजच्या पोरांचा, त्यामुळे डिसेंबरची सुट्टी लागली आणि पोरं गावी गेली की शिबिरं बंद, फ्रिज रिकामा. आणि तिकडे डिसेंबर म्हणजे पावसाळा, म्हणजे मलेरिया, वर सुट्टीत गावी निघालेल्या गाड्यांचे अपघात. म्हणजे रक्त सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच देणारे गायब! हसू नका, आपल्याकडे मे महिन्यात ब्लड बँकांची जी बोंब असते ती याच कारणाने.

आधी हे रक्त जातं कुणाला ते बघू. श्रीमंत देशांत रक्त मुख्यतः साठीच्या पुढच्या लोकांना लागतं, कॅन्सर, हार्टची ऑपरेशनं वगैरे. गरीब देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे निम्म्याहून जास्त, म्हणजे 54 टक्क्यांपर्यंत रक्त पाच वर्षांखालच्या मुलांना चढवलं जातं. आफ्रिकेत याचं मोठं कारण मलेरिया. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, आत वाढतो आणि पेशी फोडून बाहेर येतो, शिवाय बाधा न झालेल्या पेशीसुद्धा शरीर स्वतःच मोडीत काढायला लागतं. लहान पोराच्या अंगात रक्त ते किती, त्यात आधीच जंत आणि कुपोषण असेल तर 10-11 असायला हवं ते हिमोग्लोबिन काही दिवसांत 4 च्या खाली येतं. मग पोर धापा टाकायला लागतं आणि हातात फक्त काही तास उरतात. दुसरा मोठा गट बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या बायकांचा, तिथे तर काही तासही हातात नसतात. तिसरा सिकलसेलच्या मुलांचा, म्हणजे जन्मतःच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन लवकर फुटतात त्या आजाराच्या, ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त लागतं. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांना हा आजार वेगळा समजावून सांगायला नको.

आता देणारे. श्रीमंत देशांत हजार माणसांमागे वर्षाला साधारण 31 वेळा रक्तदान होतं, गरीब देशांत 5 वेळा. ही तूट भरायची सगळीकडची जुनी पद्धत म्हणजे रिप्लेसमेंट, पेशंटच्या नातेवाइकाने तेवढं रक्त द्यायचं. माझ्या मामाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्हालाही 'दोन डोनर घेऊन या' असं सांगितलं होतं आणि आम्ही चुलतभावाला झोपेतून उठवून नेला होता. पण ज्या बाईला चाळीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर बसवून आणलंय आणि सोबत फक्त म्हातारी सासू आहे, तिने डोनर आणायचा कुठून? मग दवाखान्याच्या गेटवर पैसे घेऊन 'भाऊ' व्हायला तयार असलेले लोक भेटतात. पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो, आणि खरी भानगड इथून सुरू होते.

कारण टेस्ट केली म्हणजे रक्त शंभर टक्के सेफ, असं नसतं. एचआयव्हीची लागण झाल्यावर अँटीबॉडी दिसायला साधारण तीन आठवडे जातात, विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी महागडी नॅट टेस्ट केली तरी पहिले काही दिवस हुकतातच. याला विंडो पिरियड म्हणतात. त्यामुळे खरी सेफ्टी मशीनपेक्षा माणसात जास्त असते. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट पुढची आहे: घानात अभ्यास झाले तेव्हा दिसलं की पहिल्यांदाच स्वेच्छेने रक्त देणारा माणूस आणि नातेवाईक म्हणून देणारा माणूस, यांच्यात इन्फेक्शनच्या बाबतीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो परत परत देणाऱ्यांत, कारण त्यांची दर वेळी तपासणी झालेली असते आणि आपलं रक्त कुणाला तरी जाणार हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणजे 'स्वेच्छा' हा शब्द आपण जरा जास्तच मिरवतो, खरा शब्द 'पुन्हा' आहे.

झिम्बाब्वेने नेमकं हेच पकडलं. 1989 मध्ये तिथे शाळकरी मुलांसाठी प्लेज 25 क्लब सुरू झाला, पोरांनी शपथ घ्यायची की आयुष्यात 25 वेळा रक्त देईन. आणि 25 वेळा द्यायचं म्हणजे तेवढी वर्षं स्वतःला जपून राहायचं, हे आपोआप आलंच, त्यासाठी वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या देशात चारातल्या साधारण एका प्रौढाला एचआयव्ही होता, आणि रक्तदात्यांमधलं प्रमाण मात्र पुढे एक टक्क्याच्याही खाली आलं. पुढे ही आयडिया बऱ्याच देशांनी उचलली.

केनियाची गोष्ट वेगळी आणि जरा कडू आहे. 7 ऑगस्ट 1998 ला नैरोबीत अमेरिकन दूतावासावर बॉम्बहल्ला झाला, दोनशेच्या वर माणसं गेली, हजारो जखमी झाली, लोकांनी रक्त द्यायला रांगा लावल्या, पण एवढं रक्त गोळा करणारी, तपासणारी, साठवणारी राष्ट्रीय यंत्रणाच नव्हती. ती त्यानंतर अमेरिकन मदतीने उभी राहिली, आणि 2019 च्या आसपास मदत आटल्यावर परत सोशल मीडियावर 'अमुक ग्रुप अर्जंट पाहिजे' चे मेसेज फिरायला लागले. उधारीच्या पैशावर ब्लड बँक चालते, पण उधार देणाऱ्याची मर्जी असेपर्यंतच.

रवांडाचे ड्रोन तुम्ही व्हिडिओत पाहिले असतील. ऑक्टोबर 2016 पासून मुहांगाहून उडणारं ड्रोन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पॅराशूटने रक्ताची पेटी टाकतं. वेळ वाचतो हे तर झालंच, पण माझ्या मते मोठा फायदा दुसराच आहे. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस, त्यामुळे प्रत्येक छोट्या दवाखान्याने सगळे ग्रुप साठवून ठेवायचे म्हणजे अर्धे वाया घालवायचे. साठा एकाच ठिकाणी ठेवून लागेल तेव्हा ड्रोनने पाठवला तर तसं होत नाही, आणि एका अभ्यासात तिथे मुदत संपून वाया जाणारं रक्त 67 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

बचतीचा आणखी एक मार्ग युगांडा आणि मलावीतल्या डॉक्टरांनी दाखवला. हिमोग्लोबिन 4 ते 6 च्या मध्ये आहे पण धाप नाही, शुद्ध हरपलेली नाही, अशा मुलांना लगेच रक्त न देता लक्ष ठेवून थांबलं तर काय होतं हे त्यांनी ट्रायल घेऊन तपासलं, 2019 मध्ये निकाल आला. मृत्यू वाढले नाहीत आणि थांबवलेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना रक्त लागलंच नाही. अर्थात 4 च्या खाली गेलं तर थांबायचा प्रश्नच नाही.

राहिला लोकांचा नेहमीचा प्रश्न, 'आम्ही फुकट देतो, तुम्ही विकता का?' पिशवी, टेस्ट, फ्रिजची वीज, डिझेल यांचे पैसे लागतात हे खरंच, पण झिम्बाब्वेत एका पिशवीला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत होते तेव्हा ज्याने शाळेत असताना रक्त दिलं त्याच्याच बहिणीला परवडत नाही असं व्हायचं, आणि मग शपथबिपथ कोण पाळणार? जुलै 2018 पासून तिथल्या सरकारी दवाखान्यांत रक्त मोफत केलं. डिसेंबर मात्र अजून शाळेच्या सुट्टीतच येतो.