रिक्लोजर आणि सेक्शनलायझर: एक दोषप्रवाह तोडतो, दुसरा मोजतो

पाटण किंवा जावळीच्या डोंगरातून जाणाऱ्या ११ केव्ही फीडरच्या (सबस्टेशनमधून गावांकडे वीज नेणाऱ्या मुख्य लाईनच्या) खांबावर बंद टाकी आणि तिच्याखाली नियंत्रणपेटी एवढेच दिसले, तर ते उपकरण रिक्लोजर आहे की सेक्शनलायझर, हे जमिनीवरून ओळखणे अवघड असते. काम मात्र दोघांचे मुळातच वेगळे आहे.

रिक्लोजर हा स्वतःचा रिले (प्रवाह तपासून ब्रेकरला उघडण्याचा आदेश देणारे उपकरण) असलेला, खांबावरचा सर्किट ब्रेकर होय. वाऱ्याने फांदी तारेला लागली की तो दोषप्रवाह (बिघाडामुळे वाहणारा प्रवाह) ओळखून तोडतो, म्हणजे ट्रिप होतो, ठरलेला अवधी थांबतो आणि आपणहून पुन्हा जोडतो. उघड्या तारांवरील बहुतेक दोष क्षणिक असल्याने पुरवठा बहुधा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच टिकतो. तार तुटली किंवा इन्सुलेटर फुटला असेल, तर सहसा चौथ्या ट्रिपनंतर तो लॉकआउट होतो, म्हणजे आपणहून पुन्हा जोडत नाही. (सांगलीसारख्या शहरातील भूमिगत केबलचा दोष बहुधा कायमचाच असतो, तेथे रिक्लोजिंग बंदच ठेवलेले बरे.)

सेक्शनलायझर भारप्रवाह (नेहमीच्या वापराचा प्रवाह) तोडू शकतो, दोषप्रवाह नाही. आपल्यातून दोषप्रवाह गेला आणि लगेच वरच्या, म्हणजे सबस्टेशनकडच्या बाजूचा पुरवठा बंद झाला, की तो एक आकडा मोजतो. रिक्लोजर चार ट्रिपवर असेल तर पुढच्या फाट्यावरील सेक्शनलायझर तीनवर लावतात. तिसऱ्या ट्रिपनंतर, तारेत वीज नसतानाच, तो उघडतो. मग रिक्लोजर शेवटच्या वेळी जोडतो, तेव्हा बिघडलेला फाटा वगळून बाकीच्या गावांना वीज मिळते. दोन्हींवर चारच आकडा ठेवला, तर चौथ्या ट्रिपबरोबर रिक्लोजर लॉकआउट होऊन सगळा फीडर अंधारात जातो.

खरी गफलत होते ती या मोजणीच्या मुदतीत. ठरावीक वेळात पुढची ट्रिप आली नाही, तर सेक्शनलायझर आधीची मोजणी पुसून टाकतो. त्यामुळे सबस्टेशनच्या ब्रेकरवर स्वयंचलित रिक्लोजिंग नसेल आणि ऑपरेटर फोनवर चौकशी करून दहा मिनिटांनी हाताने ब्रेकर चढवत असेल, तर तीनवर लावलेल्या सेक्शनलायझरची मोजणी बहुधा एकच्या पुढे सरकतच नाही. अशा फीडरवर तो आकडा एकवर आणावा किंवा आधी रिक्लोजर बसवावा; तेवढे न करता केलेला खर्च माझ्या मते वाया जातो.

जत-आटपाडीकडील कोरड्या, मुरमाड जमिनीवर तार पडली, तर मात्र दोघेही फसू शकतात. जमिनीचा रोध जास्त असल्याने प्रवाह इतका कमी राहतो की रिले तो नेहमीचा भार समजतो. साहजिकच ट्रिप होत नाही आणि मोजणीही सुरू होत नाही. त्यासाठी संवेदनशील अर्थ फॉल्ट (जमिनीत जाणारा थोडा प्रवाहही ओळखणारे) सेटिंग असलेला रिले लागतो, आणि तोही प्रत्येक वेळी पकडेलच असे नाही.

दुरुस्तीच्या वेळी रिक्लोजिंग बंद केल्याशिवाय परमिट (लाईनवर काम करण्याची परवानगी) देऊ नये. सेक्शनलायझर उघडा दिसला तरी लाईनमनने एबी स्विच (लाईन हवेत उघडपणे तोडणारा, हाताने चालवायचा स्विच) उघडून, वीज नसल्याची चाचणी करून आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग लावूनच खांबावर चढावे.