नागरी हवामान कृती

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठी, ऊर्जेची उधळपट्टी रोखण्यासाठी आणि पूर व उष्णतेच्या लाटांना तोंड देण्यासाठी शहराच्या प्रशासनाने केलेल्या प्रयत्नांना नागरी हवामान कृती म्हणतात. आंतरराष्ट्रीय करार देश करतात आणि वीजनिर्मितीचे धोरणही बहुधा वरच्या सरकारकडे असते. शहराच्या हाती राहतात ते बांधकाम परवाने, पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, पथदिवे आणि बससेवा. हे अधिकार किरकोळ वाटतात, पण शहरात जळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग याच फायलींमधून जातो. असे प्रयत्न करणाऱ्या मोठ्या शहरांचे ‘सी-४०’ हे जाळे २००५ मध्ये लंडनच्या पुढाकाराने उभे राहिले.

सुरुवात प्रशासनाने स्वतःच्या वीजबिलापासून करणे उत्तम. पाणी उपसणे, शुद्ध करणे आणि उंच टाक्यांपर्यंत चढवणे यांवर नगरप्रशासनांची बरीच वीज खर्च होते. पुढची वाढ गृहीत धरून पंप अनेकदा गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात. मग व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून प्रवाह आवरला जातो आणि मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरत राहते. व्हॉल्व्ह आवळण्याऐवजी मोटरीचाच वेग कमी करणारे यंत्र बसवले, तर चित्र पालटते. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने, विरोध मुख्यतः नळातल्या घर्षणाचा असेल तेव्हा वेग एक पंचमांशाने उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते. पाणी उंचावर चढवायचे असेल तर बचत यापेक्षा कमी होते. गळक्या वाहिन्यांची दुरुस्तीही ऊर्जाबचतच आहे, कारण वाहून गेलेल्या प्रत्येक लिटरमागे तो उपसण्यासाठी वापरलेली वीजही वाया जाते. पंपघरातल्या अशा कामाचे उद्घाटन सहसा होत नाही, म्हणून ते मागे पडते.

पथदिव्यांचे तसे नाही, तो बदल सगळ्यांना दिसतो. लॉस एंजेलिसने २००९ पासून काही वर्षांत सुमारे १,४०,००० सोडियम दिवे काढून एलईडी बसवले आणि त्यांचा वीजवापर निम्म्याहून अधिक घटला.

खरी कसोटी लागते ती खासगी इमारतींत. नव्या बांधकामाला परवान्याच्या अटी घालता येतात, जुन्या इमारतींना त्या लागू होत नाहीत, आणि शहर तर बहुतांशी जुन्याच इमारतींचे असते. शिवाय भिंतींचे उष्णतारोधन किंवा नवी वातानुकूलन यंत्रणा यांचा खर्च घरमालक करतो, तर कमी झालेल्या बिलाचा फायदा भाडेकरूला होतो. त्यामुळे निव्वळ आवाहनाने कोणी हलत नाही. टोकियोने एप्रिल २०१० पासून मोठ्या कार्यालयीन इमारती व कारखान्यांवर उत्सर्जनाची कमाल मर्यादा घातली, आणि ज्याने जास्त बचत केली त्याला ती इतरांना विकण्याची मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये उत्सर्जनाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा इमारतींचा आहे. तिथल्या २०१९ च्या ‘स्थानिक कायदा ९७’ नुसार २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून मर्यादा लागू झाली. मर्यादेबाहेरच्या दर टनामागे २६८ डॉलर दंड आहे.

आराखडा कागदावर राहू नये यासाठी ऑस्लोने काढलेला मार्ग सर्वांत नेमका वाटतो. २०१७ पासून तिथे पैशांच्या अंदाजपत्रकासोबत कार्बनचेही अंदाजपत्रक मांडले जाते. कोणते खाते कोणत्या उपायाने किती टन उत्सर्जन घटवणार, हे त्यात लिहिलेले असते. वर्षअखेरीस विचारणा थेट त्या खात्याकडे होते.

कोपनहेगनचा अनुभव दुसऱ्या अंगाने बोलका आहे. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढीच त्याची भरपाई करण्याचा आराखडा त्या शहराने २०१२ मध्ये मंजूर केला. घरे तापवण्याची सामाईक व्यवस्था आणि सायकलमार्ग यांमुळे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात उतरलेही. शेवटचा टप्पा मात्र कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या धुरातून कार्बन वायू वेगळा काढण्यावर अवलंबून होता. त्या प्रकल्पाला सरकारी निधी मिळू शकला नाही, आणि २०२५ ची मुदत पाळता येणार नाही हे शहराने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले.