वयात येताना दुखणं का बदलतं?
(पालकांसाठी आणि मुलामुलींसाठी)

"नाटक तर करत नाही ना ही?" आमच्या फिजिओथेरपी केंद्रात पालक हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. बहुतेक वेळा ते नाटक नसतं. मुली साधारण 8 ते 13 आणि मुलगे 9 ते 14 या वयात वयात येऊ लागतात. त्याच काळात दुखणं जाणवण्याची तऱ्हाही बदलते.

अर्धशिशीचंच बघा. लहानपणी हा त्रास मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखाच असतो. पाळी सुरू झाल्यावर मुलींमधलं प्रमाण वाढू लागतं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मोठा हात आहे. त्याची पातळी झपाट्याने उतरली की डोकं धरतं, म्हणून पाळीच्या तोंडावर हा त्रास जास्त. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन मात्र वेदना थोडी दाबत असावं, असं दिसतं. पण सगळं खापर हार्मोन्सवर फोडू नका. चिंता, जुनी दुखापत आणि झोप यांचाही हिशेब धरावा लागतो. या वयात मेंदूतलं मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं हार्मोन रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे झोप उशिरा लागते. शाळेची वेळ मात्र तीच राहते. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी. ती तुटली की कालचंच दुखणं आज जास्त टोचतं.

पाळीतली पोटदुखी बरेचदा पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते वर्षभराने सुरू होते, त्यामुळे "आधी तर काही नव्हतं" म्हणून संशय घेऊ नये. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशय आवळलं जातं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच रोखतात. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा दुखू लागताच घेतलेली गोळी जास्त लागू पडते. चालेल का आणि किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. शेकानेही आराम पडतो. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" हे आम्हाला अजून ऐकू येतं, आणि दर वेळी राग येतो. तीन महिने उपचार करूनही शाळा बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, किशोरवयातही होतो.

गुडघ्याखालच्या उंचवट्याचं किंवा टाचेचं दुखणं वेगळं. उंची भराभर वाढत असताना स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो, तो भाग अजून कच्चा असतो आणि उड्या मारून, धावून तिथे ताण येतो. खेळ सहसा पूर्ण बंद करावा लागत नाही. उड्या कमी करून आम्ही मांडीचे आणि पोटरीचे व्यायाम देतो.

काही दुखण्यांसाठी मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथला रक्तपुरवठा पिळला गेला असेल तर पहिले सहा तास फार मोलाचे. मुलगे लाजेने "पोटात दुखतंय" एवढंच सांगतात, तेव्हा नीट विचारा. मुलगा किंवा मुलगी लंगडत असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा सकाळी डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, तर आधी डॉक्टर.

पहिल्या भेटीला येताना महिनाभराची नोंद आणा: कुठे, किती दुखलं, झोप किती झाली, पाळी कधी आली, गोळी कधी घेतली. खेळाचे बूटही आणा. तुमची हरकत नसेल तर थोडा वेळ आम्ही मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलतो.