वाढवलेली मात्रा आणि वाढलेली धडधड: चिंताविकारावरील औषधांची पार्श्वभूमी

चिंताविकारासाठी घेतलेल्या नैराश्यविरोधी औषधाची मात्रा वाढवली की पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात धडधड, हातांची थरथर आणि उडालेली झोप यांनी रुग्ण बेजार होतो. ज्या तक्रारींसाठी मात्रा वाढवली त्याच वाढलेल्या पाहून तो अनेकदा गोळीच सोडून देतो. ही तक्रार घेऊन नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत परतणाऱ्यांना ती केवळ आपलीच वाटते; वास्तविक तिची नोंद वैद्यकशास्त्राने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी केली आहे, आणि ती नोंद मधल्या काळात बरीचशी विसरलीही गेली.

इमिप्रामिन या जुन्या नैराश्यविरोधी औषधाचा नैराश्यावरील गुण १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ध्यानात आला. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत असे दिसले की अचानक उसळणारे घबराटीचे झटकेही या औषधाने थांबतात. मात्र तो काळ डायझेपामसारख्या तत्काळ आराम देणाऱ्या गोळ्यांचा होता, त्यामुळे आठवडे वाट पाहायला लावणारे औषध चिंतेसाठी मागे पडले. १९८० मध्ये अमेरिकन निदानसूचीने अशा झटक्यांचा पॅनिक विकार स्वतंत्र धरला, आणि त्याच दशकात या रुग्णांवर इमिप्रामिन वापरताना काही जणांना अगदी अल्प मात्रेतही बेचैनी आणि थरकाप होतो, असे अभ्यासकांनी नोंदवले. त्यावर निघालेला उपाय साधा होता: १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि हळूहळू चढायचे.

हे शहाणपण नव्या पिढीच्या औषधांच्या उत्साहात झाकोळले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये आले, आणि नैराश्यात बहुतेकांना तेवढी मात्रा पुरत असल्याने मात्रेच्या चढउताराचा प्रश्नच संपला, असा समज रुजला. पॅनिकच्या रुग्णाला मात्र पहिल्याच दिवशी २० मिलिग्रॅम फार होत असल्याने कॅप्सूल उघडून किंवा द्रवरूप औषध मोजून ५ मिलिग्रॅम देण्याची वेळ आली. १९९६ मध्ये तिथे त्याच गटातल्या पॅरोक्सेटिनला पॅनिकसाठी मान्यता मिळाली, तेव्हा सुरुवात १० मिलिग्रॅमने करायची, परंतु निश्चित गुण ४० मिलिग्रॅमवरच दिसला, असे चित्र पुढे आले. सततच्या, सर्वसाधारण चिंतेच्या विकारात मात्र त्याच औषधाच्या २० पेक्षा ४० मिलिग्रॅम सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. शेजारच्या दोन निदानांत वाढीव मात्रेचे गणित इतके वेगळे निघते.

मेंदूच्या प्रतिमांवरील अभ्यासांनी हा गुंता वाढवला. नेहमीच्या किमान मात्रेतच सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन परत शोषून घेणारी सुमारे ८० टक्के वाहक प्रथिने ही नवी औषधे व्यापतात, आणि मात्रा दुप्पट केल्याने हा आकडा फारसा पुढे सरकत नाही. तरीही अनेक चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, चिंताविकारांमध्ये फ्लुओक्सेटिन-पॅरोक्सेटिनच्या गटातील औषधांच्या वाढीव मात्रेने अधिक गुण येतो आणि त्याचबरोबर दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाणही वाढते, असे आढळले. मात्रा वाढवायची की आहे तीवर आणखी थांबायचे, या प्रश्नाचे एकच उत्तर त्यातून निघत नाही.

आपल्याकडे या वादाला एक खास देशी वळण आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध बनवण्याची पद्धत संरक्षित होत असे, खुद्द औषध नव्हे; त्यामुळे २००५ पर्यंत तेच औषध अनेक कंपन्यांनी स्वस्तात बाजारात आणले. या गर्दीत वेगळे दिसण्याचा एक मार्ग म्हणजे जोडगोळी. फ्लुओक्सेटिनच्याच गटातले एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि डायझेपामच्या जातीचे क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत, ही जोडी आज सहज मिळते. तिच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही: पॅनिकच्या रुग्णांना एस्सिटालोप्रामच्याच गटातल्या सर्ट्रालिनसोबत क्लोनाझेपाम दिल्यास पहिल्या तीन आठवड्यांत लवकर आराम पडतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले होते. परंतु तो फरक पुढे टिकला नाही, आणि त्या चाचणीत क्लोनाझेपाम काही आठवड्यांतच टप्प्याटप्प्याने बंद केले होते. जोडगोळीत नेमके तेच करता येत नाही. मात्रा वाढवायची म्हणून दोन गोळ्या घेतल्या की क्लोनाझेपामही दुप्पट होते. ते कमी करायचे म्हटले की एस्सिटालोप्रामही घटते. गोंदिया, बालाघाट किंवा छिंदवाड्याहून नागपूरला येणारा रुग्ण दर पंधरवड्याला परत येऊ शकत नाही, म्हणून तीच चिठ्ठी दाखवून गावातल्या मेडिकलमधून महिनोन्महिने तीच पट्टी घेतो. घरचे ‘झोपेची गोळी’ म्हणून ती मध्येच बंद करवतात, तेव्हा दोन्ही औषधे एकदम तुटतात, आणि सोडल्यामुळे होणारी तगमग मूळ आजारात जमा होते. पहिल्या आठवड्यांपुरती वेगळी गोळी देणे अधिक कष्टाचे आहे, पण रुग्णाच्या हिताचे तेच आहे.

पुढील काळातील इशाऱ्यांनी मात्राबदलाचा काळ अधिक नजरेत आणला. २००४ मध्ये अमेरिकेत मुले आणि किशोरवयीनांतील आत्महत्येच्या विचारांबाबत नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतील इशारा छापणे सक्तीचे झाले, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू करण्यास सांगण्यात आले, आणि उपचाराच्या सुरुवातीइतकेच मात्रा वाढवताना वा घटवतानाही लक्ष ठेवण्याची सूचना त्यात आहे. २०११ मध्ये याच गटातल्या सिटालोप्रामची कमाल मात्रा हृदयाच्या लयीवरील परिणामामुळे ४० मिलिग्रॅमवर आणली गेली.

नागपुरात याला ऋतूचीही जोड मिळते. या औषधांनी घाम वाढतो, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो उन्हाचा की गोळीचा हे ओळखणे अवघड होते; वयस्कर रुग्णांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, रक्तातील सोडियम घसरण्याचा धोका असतो, म्हणून थकवा वा गोंधळलेपणा दिसल्यास रक्ततपासणी करून घेतली जाते.

आता एस्सिटालोप्राम सहसा ५ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी वाढवले जाते. नव्या मात्रेची रक्तातील पातळी साधारण आठवड्यात स्थिरावते, परंतु गुण जोखायला चार ते सहा आठवडे दिले जातात. त्याआधी बेचैनी असह्य झाली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलायचे असते; २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.